संबंधित इसम

आमच्या जिल्ह्यात तटस्थ माणसांची टंचाई कधीच नव्हती. पाण्याची आहे, वेळेवर येणाऱ्या एसटीची आहे, पण 'आपण बुवा कुणाच्या अध्यात ना मध्यात' असं म्हणणारा माणूस हाक मारली की हजर. नव्वदच्या दशकात नगरमध्ये 'जिल्हा परिचयकोश' काढायचं ठरलं तेव्हा अशा एकवीस तटस्थ माणसांचं एक मंडळ झालं. त्यातले निम्मे एकमेकांचे व्याही होते आणि उरलेले व्हायच्या वाटेवर होते. जिल्ह्यातलं प्रत्येक गाव, देऊळ, किल्ला, संस्था आणि नामवंत व्यक्ती यांची अकारविल्हे नोंद करायची, आणि ती 'पूर्णपणे निःपक्षपाती' असावी, असा ठराव पहिल्याच बैठकीत टाळ्यांच्या गजरात पास झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःची नोंद त्याआधीच लिहून खिशात ठेवली होती.

मंडळाचे अध्यक्ष एक ज्येष्ठ वकील होते. त्यांना सगळे वकीलसाहेबच म्हणत. मी केडगावच्या शाळेत मराठी शिकवायचो. माझं अक्षर बरं होतं आणि मला कुणाला नाही म्हणता येत नसे, एवढ्या पात्रतेवर मला सहसंपादक करण्यात आलं. अडलं ते संपादकपदावर. त्यासाठी दोन प्राध्यापक तयार होते आणि दोघांनी एकमेकांच्या नेमणुकीला लेखी विरोध केला होता. शेवटी तडजोड म्हणून कुणाच्याच डोळ्यांत न खुपणारा, फायली नीट लावणारा, सांगितलं तेवढंच करणारा एक निवृत्त कारकून शोधण्यात आला. मंडळाच्या पुऱ्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी चूक. तिचं नाव दगडू रामभाऊ भिंगारदिवे.

भिंगारदिवे सर भिंगारला राहायचे. तिथल्या लष्कराच्या एका कार्यालयात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं होतं. ठेंगणे, सावळे, पांढऱ्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, पँटला सायकलची क्लिप. भिंगारहून सायकलवर यायचे आणि बरोबर अकराला मंडळाच्या खोलीचं कुलूप उघडायचे. आम्ही बाकीचे साडेअकरा ते एकच्या दरम्यान, म्हणजे वेळेवरच, पोचायचो. चहा झाला की स्वतःचा कप ते स्वतः विसळत. आम्ही त्याला लष्करी शिस्त समजलो. खरं कारण काय, याची चौकशी कुणी केली नाही, कारण तटस्थ माणसं चौकशी करत नाहीत.

"रेकॉर्डात एका जवानाच्या आईचं नाव चुकलं, मास्तर," ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "तर त्या म्हातारीचं पेन्शन अडतं. ती दारोदार हिंडते. आपण इथं पंख्याखाली बसलेलो असतो. तेव्हा जरा बघून लिहीत चला." मी मान हलवली. मला वाटलं, माणूस नवा आहे, होईल आठवड्याभरात आपल्यासारखा.

आठवड्याभरात त्यांनी चिठ्ठी काढली. सिगारेटच्या पाकिटाएवढा कागद, त्यावर स्टेन्सिलने तीन रकाने: 'विषयाशी नाते', 'विषयाकडून लाभ', 'विषयाशी वैर'. प्रत्येक लेखकाने आपल्या नोंदीला ही चिठ्ठी टाचणीने लावायची. चिठ्ठी नसेल तर नोंद वाचायचीच नाही. नातं असेल तर लेखकाने माहिती द्यावी, कागद द्यावेत, पण लिहायचं दुसऱ्याने आणि तपासायचं तिसऱ्याने. सर म्हणायचे, "खरं-खोटं मागून बघू. आधी सांगतंय कोण ते बघा."

या चिठ्ठीने जिल्ह्यात जो हाहाकार उडाला तो दुष्काळातसुद्धा उडाला नव्हता. आपलं कुणाशी नातं आहे हे लेखी द्यायला एरवी माणसं किती उत्सुक असतात! लग्नपत्रिकेत बघा, आमदाराच्या मावसभावाचा साडू असला तरी ठळक अक्षरांत छापतात. इथे मात्र सगळे एका रात्रीत अनाथ झाले. देवस्थानाच्या पुजाऱ्याचा देवस्थानाशी संबंध नव्हता. संस्थेच्या सचिवाने संस्थेचं नाव नुकतंच ऐकलं होतं.

एका साखर कारखान्याचे चेअरमन होते. त्यांचं चरित्र त्यांच्या पीएने आणून दिलं. अठरा पानं, सोबत हार घातलेला फोटो. 'द्रष्टे' हा शब्द मी मोजायचा सोडून दिला. लेखक म्हणून खाली चेअरमनसाहेबांचीच सही होती, आणि चिठ्ठीवर 'विषयाशी नाते' पुढे लिहिलं होतं: 'नाही'. सरांनी चिठ्ठी उजेडात धरून पाहिली. "स्वतःशीच नातं न्हाई म्हणतात. एवढी विरक्ती आपल्या जिल्ह्यात हाय हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले, आणि अठरा पानांच्या चार ओळी केल्या. जन्म, शिक्षण, कोणत्या पदावर किती वर्षं, कारखान्याची गाळपक्षमता.

चार दिवसांनी जीप आली. चेअरमनसाहेब स्वतः जिना चढून आले. सोबतचे सहाजण खोलीत मावेनात, म्हणून चौघे जिन्यातच उभे राहिले.

"म्हंजे मी आयुष्यात काय केलंच न्हाई, असं म्हननं हाय का तुमचं?"

सरांनी त्यांना खुर्ची दिली. "साहेब, तुम्ही जे केलं ते लिहिलंय. तुमच्याबद्दल लोक जे म्हणतात ते वगळलंय. दोन्ही बाजूंचं वगळलंय."

'दोन्ही बाजूंचं' हे ऐकल्यावर चेअरमनसाहेब थोडा वेळ छताकडे बघत राहिले. त्यांनी चहा घेतला, फोटो तेवढा परत मागितला आणि गेले. पुढे ती चार ओळींची नोंद तशीच छापली गेली. त्यांच्याबद्दलचा तो एकमेव मजकूर असावा ज्यावर कुणी हसलं नाही.

हे पाहून मला फार बरं वाटायचं. दुसऱ्याची जिरली की मला तत्त्वांबद्दल आदर वाटतो. मग भिंगारची नोंद माझ्या हाती आली. माझ्या सासऱ्यांचं भिंगारच्या बाजारात भेळेचं दुकान होतं. छावणी, जुनी पेठ, लष्करी कार्यालयं असं सगळं लिहून झाल्यावर शेवटी माझ्या हातून एक वाक्य सहज लिहिलं गेलं: 'येथील बाजारपेठेतील भेळ पंचक्रोशीत प्रसिद्ध असून' आणि पुढे दुकानाचं नाव. बायको फार खूश झाली. चिठ्ठीवर मी 'नाते: नाही' असं लिहिलं. भेळेशी माझं नातं नव्हतंच, होतं ते सासऱ्यांशी.

सर त्या संध्याकाळी घरी जाताना त्या दुकानात गेले. भेळ खाल्ली, पाणी प्यायले, आणि गल्ल्यावरच्या सासऱ्यांना विचारलं, "जावई काय करतात?" सासऱ्यांनी अभिमानाने सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर नवी कोरी चिठ्ठी ठेवलेली होती, दुसरं काही नाही. ती भरताना माझे कान तापले. सर समोर बसून दुसरंच काही वाचत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "भेळ चांगली होती. पण चिंच जरा जास्त." घरी बायको दोन दिवस माझ्याशी फक्त भाजी काय आणायची एवढ्यापुरतं बोलली.

हा माणूस दुसऱ्यांनाच सोलतो असं असतं तर त्याला खाष्ट म्हणून सोडून देता आलं असतं. पंचाईत अशी होती की तो स्वतःलाही सोडत नव्हता. शनिशिंगणापूरच्या नोंदीत लेखकाने लिहिलं होतं की तिथल्या घरांना दारं नसतात, कारण तिथे चोरी होतच नाही. सरांनी पेन्सिलीने समासात सुचवलं: 'अशी श्रद्धा आहे.' मंडळातले एक भाविक सभासद उसळले. "तुमचा विश्वास नाही म्हणून तुम्ही आमचं कमी करता!" सर म्हणाले, "माझा विश्वास नाही, हे खरंय. म्हणजे मी संबंधित झालो. ही नोंद आता मी बघणार नाही, मास्तर बघतील." आणि पेन्सिलीची खूण त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. मी, जो दर शनिवारी तेल वाहायचो, मुकाट्याने तेच तीन शब्द शाईने लिहिले. बुद्धविहारं, आंबेडकरी चळवळीतली माणसं, दीक्षेचा इतिहास, यातली एकही नोंद त्यांनी तपासली नाही. सगळ्या माझ्याकडे ढकलल्या. मला त्या विषयातलं काडीचं कळत नव्हतं. "ते शिकता येतं," सर म्हणाले. "मला मात्र नातं तोडता येत नाही."

मग त्यांच्या गावाची नोंद आली.

पाथर्डीकडचं गाव. नाव सांगत नाही, माणसं अजून आहेत. लिहिली होती तिथल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी, आणि शेवटचं वाक्य होतं: 'गावात सर्व जातिधर्मांचे लोक गुण्यागोविंदाने नांदतात.' हे वाक्य आम्हाला नवीन नव्हतं. जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाच्या नोंदीत ते होतं. जिथे सरपंचाच्या निवडणुकीत डोकी फुटली होती तिथल्या नोंदीत तर दोनदा होतं. माझा हात ते न वाचताच पुढे सरकायचा. तसा तो सरकला आणि मी नोंद पास केली.

दोन दिवसांनी सरांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावर तिकीट लावलेलं, शिक्का बसलेला. हा माणूस माझ्यासमोर चार हातांवर बसतो आणि पोस्टातून पत्र पाठवतो. वर पत्ता: 'मा. सहसंपादक'. आत चिठ्ठी: 'विषयाशी नाते: जन्मगाव. लाभ: नाही. वैर: सांगता येत नाही.' आणि एका पानाचं पत्र. त्यात लिहिलं होतं, त्यांच्या वस्तीला पाणी मिळायचं ते पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीवरून, तेही वरून कुणी ओतलं तर. छप्पन साली वस्तीने दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात गावाने पाणी तोडलं. सोबत एका अर्जाची नक्कल होती. पाणी मिळावं म्हणून वस्तीने तेव्हा मामलेदाराला केलेला अर्ज, आणि त्यावर सरकारी शेरा: 'चौकशी केली. गावात शांतता आहे.'

पत्राच्या शेवटी होतं: 'मी संबंधित आहे. शिवाय मी त्या वेळी नोकरीसाठी भिंगारला होतो, स्वतः पाहिलेले नाही. तपास करून योग्य वाटेल तसे करावे.'

"सर," मी म्हणालो, "तुम्ही सांगताय म्हणजे खरंच असणार. लिहून टाकतो."

ते चिडलेले मी प्रथमच पाहिले. "मी सांगतोय म्हणून? मग चेअरमनचं काय चुकलं होतं?"

तेव्हा मला जावं लागलं. एसटीने तीन तास. मुख्याध्यापकांनी शेंगदाण्याचे लाडू खाऊ घातले. ते पाटलांचे पुतणे निघाले. चिठ्ठीवर अर्थातच 'नाते: नाही' होतं. पाणी तोडल्याचं विचारताच त्यांना आश्चर्य वाटलं. "छे छे, आमच्याकडे असलं काही नाही. आता तुम्हीच बघा, गाव किती शांत आहे." गाव खरोखर शांत होतं. दुपारचे दोन वाजले होते.

मी स्टँडकडे निघालो तर एका मोठ्या घराच्या ओसरीवरून हाक आली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, अंगावर हिरवं लुगडं नव्हतं, कपाळ मोकळं. त्या पाटलांची विधवा.

"तुमी त्या बुकातले का? बसा हितं. इहिरीचं इच्यारत हुता न्हवं?"

मी बसलो. मुख्याध्यापक तिथवर मागे आले होते. म्हातारीने त्यांना हाताने गप्प केलं.

"म्हातारं तवा पाटील हुतं. त्यानंच सांगितलं, मळ्यातल्या इहिरीवर त्यांचा येक बी हंडा दिसला न्हाई पायजेल. बाया यायच्या, बांधाशी उभ्या ऱ्हायच्या, आन् निघून जायच्या. उनाळाभर वढ्याच्या डबक्यातलं पानी पेली ती मानसं. ढोरं बसायची त्यात. रामभाऊची ल्हानगी हगवन लागून गेली. म्या मळ्यातून बघितलं, नेताना. येक हंडा वतला आसता म्या तर काय झालं आसतं? लई तर म्हाताऱ्यानं मारलं आसतं. न्हाई वतला. लिव्हा ते. अंगठा देते मी."

"काकी, घरचं वाईट बाहेर कशाला?" मुख्याध्यापक म्हणाले.

"घरचं हाय म्हनूनच माज्याकडं हाय," म्हातारी म्हणाली.

मुलीचं नाव तिला आठवत नव्हतं. मी अंगठा घेतला. रामभाऊ हे कुणाच्या वडिलांचं नाव, हे मला एसटीत बसल्यावर उमगलं. दगडू रामभाऊ. तीन तास मी खिडकीबाहेर बघत होतो आणि मला या माणसाचा राग येत होता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर तो कागद ठेवला. "तुमची बहीण गेली त्यात. पत्रात एक शब्द नाही."

सरांनी कागदाला हात लावला नाही. "साक्षीदार कोण होतं? माझी आई. नातेवाईक. तो पुरावा धरत नाहीत."

"धरत नाहीत म्हणजे? नियम तुम्हीच केलाय!"

"म्हणूनच." मग ते उठले आणि कप विसळायला गेले. कप चांगला पाच मिनिटं विसळला त्यांनी.

मंडळाच्या बैठकीत नोंद वाचायची वेळ आली तेव्हा सर खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसले. मी वाचून दाखवलं. तीन वाक्यं होती: पाणी कुणी आणि का तोडलं, लोक काय प्यायले, आणि 'यात एक लहान मुलगी दगावली'. वाचून झाल्यावर एकवीस तटस्थ माणसं एकदम एकवीस दिशांना बघू लागली.

"विषय नाजूक आहे," वकीलसाहेब म्हणाले. "हे लिहिणं म्हणजे बाजू घेणं होईल. आपण तटस्थ राहू. वगळू."

मला आयुष्यात नाही म्हणता आलं नव्हतं, हे आधी सांगितलंच. त्या दिवशी कुठून आलं कुणास ठाऊक. मी म्हणालो, "वगळा. पण मग 'गुण्यागोविंदाने' पण वगळा. या तीन वाक्यांखाली पाटलांच्या बायकोचा अंगठा आहे. त्या वाक्याखाली कुणाचा आहे ते दाखवा." खोलीत कुजबुज झाली. 'गुण्यागोविंदाने' काढायचं म्हणजे सगळ्याच गावांतून काढावं लागेल, आणि छपाई तोंडावर आली होती. हा घोर नको म्हणून, आणि चहा थंड होतोय म्हणून, मंडळाने दोन्ही ठेवायचं ठरवलं. अशा रीतीने आमच्या कोशात त्या गावातले लोक एकमेकांचं पाणी तोडतात आणि गुण्यागोविंदाने नांदतात. निःपक्षपातीपणाची याहून कडक परीक्षा होऊ शकत नाही.

छापील प्रत आली तेव्हा सरांनी ते पान उभ्यानेच वाचलं. "पूर्णविराम बरोबर पडलेत," एवढंच म्हणाले. मात्र त्या दिवशी त्यांनी मला भिंगारला घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोने वांग्याचं भरीत केलं होतं. कोशाचा विषय जेवताना निघाला नाही. सायकल हातात धरून ते मला बसस्टॉपपर्यंत पोचवायला आले. मला त्या माणसाबद्दल तेव्हा जी माया वाटली ती मी बोललो नाही. बोलायला हवं होतं.

इथे हे चित्र संपलं असतं तर बरं झालं असतं. पण शतक संपत आलं होतं आणि जगाला इंटरनेट झालं होतं. वकीलसाहेबांचा पुतण्या अमेरिकेत होता. त्याने सगळा कोश इंटरनेटवर चढवला. फाँट लागला तर मराठी दिसायचं, नाही लागला तर चौकटी आणि डमरू. वकीलसाहेबांनी सत्कार करून घेतला. म्हणाले, "आता आपला कोश जिवंत झाला! कुणीही कुठूनही दुरुस्ती सुचवावी, लगेच बदल होणार!" परदेशातल्या काही उत्साही नगरकरांना थेट बदल करण्याची मुभा दिली होती. शुद्धलेखनाच्या चुका काढण्यासाठी एक पासवर्ड माझ्याकडेही होता. चिठ्ठीचं मी विचारलं तर पुतण्याने कळवलं की कंप्युटरला टाचणी लावता येत नाही.

नगरमध्ये तेव्हा सायबर कॅफे नुकते निघाले होते. एक दिवस चुका बघता बघता मी ते गाव उघडलं. तीन वाक्यं नव्हती. 'गुण्यागोविंदाने' होतं. वकीलसाहेबांकडून कळलं, त्याच गावचा एक इंजिनिअर तिकडे असतो, त्याने काढली. पाटलांचा नातू. ज्या म्हातारीने अंगठा दिला तिचाच. ती तोवर वारली होती. त्याने फार सभ्य भाषेत कारण दिलं होतं: तटस्थता राखण्यासाठी वादग्रस्त मजकूर वगळला आहे. वकीलसाहेबांना यात काही वावगं दिसलं नाही. "पुस्तकात आहे ना? मग झालं की."

मी लुना दामटत भिंगारला गेलो. सर अंगणात सायकलची चेन पुसत होते. ऐकून घेतलं. चेन पुसणं थांबलं नाही.

"पासवर्ड आहे माझ्याकडे," मी म्हणालो. "चला, आत्ता परत टाकू. तुम्ही टाका, तुमच्या हाताने."

"मी टाकली तर त्याच्यात नि माझ्यात फरक काय राहिला? तो नातू हाय, मी भाऊ हाय."

"तो खोटं करतोय, तुम्ही खरं!"

"हे कोण ठरवणार? मी?"

"बरं, मग मी टाकतो. माझा काय संबंध? ना गाव माझं, ना जात, ना विहीर. एकदम असंबंधित माणूस आहे मी."

सरांनी चेन सोडली. काळ्या हातांनी तसेच उभे राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "पाच वर्षं माझ्या शेजारी बसताय, मास्तर. माझ्या घरी जेवलात. नातं न्हाई म्हणता?"

मला राग आला, आणि त्यांना मिठी मारावी असंही वाटलं. दोन्ही करायचं राहिलं. मी लुना काढली आणि केडगावला परत आलो. ती वाक्यं मी टाकली नाहीत. आज वाटतं, टाकायला हवी होती. त्यांची आज्ञा मोडून, चोरून, कसंही. त्यांचं तत्त्व त्यांच्याकडे ठेवून मी माझ्या नात्याला जागायला हवं होतं. पण इतका वेळ मी जे तटस्थ माणसांबद्दल बोललो, त्यात मीही आलो.

पुढे ते संकेतस्थळच बंद पडलं. पुतण्याची नोकरी बदलली आणि कोश जसा आला तसा गेला. छापील प्रती ग्रंथालयांत कपाटात आहेत आणि कपाटांच्या किल्ल्या ग्रंथपालांकडे आहेत. सर मुलीकडे औरंगाबादला राहायला गेले आणि तिथेच वारले. मला पत्राने कळलं, तेव्हा दिवसकार्य उरकून गेलं होतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यांनी नगर सोडण्याआधी थोडे दिवस. शाळेचं एक काम घेऊन मी सायबर कॅफेत गेलो होतो. कोपऱ्यातल्या यंत्रासमोर पाठमोरे सर बसले होते. गळ्याचं बटण लावलेलं, पँटला क्लिप तशीच. एका बोटाने टाइप करत होते, एकेक अक्षर शोधून. मी हाक मारणार होतो, पण पडद्याकडे नजर गेली. कोशाच्या तळाशी 'आपला अभिप्राय कळवा' अशी एक चौकट होती. त्यातले निरोप कुणीही वाचत नसे. त्या चौकटीत इंग्रजी अक्षरांतलं त्यांचं मराठी हळूहळू उमटत होतं. मी मागे उभा राहून वाचलं.

'मा. संपादक (संकेतस्थळ) यांस. माझा या नोंदीशी संबंध आहे. मी त्या मुलीचा थोरला भाऊ. तीन वाक्ये काढली गेली आहेत. ती ठेवावीत की नाही हे आपण ठरवावे. ठेवल्यास मुलीचे नाव घालावे अशी विनंती. तिचे नाव मंजुळा होते. वय चार. मी तेव्हा गावात नव्हतो.'

त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं, एक अक्षर दुरुस्त केलं, आणि मान वळवून कॅफेवाल्याला विचारलं, पाठवायचं बटण कोणतं.